ईस्टरचा सोमवार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी बोलणाऱ्याने संस्थेच्या कार्याचा गौरव करावा, अशी आपल्याकडे रीत आहे. तो गौरव अहवालात झालाच आहे, आणि आकडे तुमच्या हातातील स्मरणिकेत आहेत. कार्यकारी मंडळाने आम्हांला विषय दिला तो निराळा: ईस्टरच्या सणाचा आपल्या रोजच्या जीवनात अर्थ काय? विषय ऐकला तेव्हा आम्ही थोडे बिचकलो. नाताळावर बोलणे सोपे असते. बाळ, गव्हाण, तारा, मेंढपाळ हे सारे लहान मुलालाही कळते, आणि करंज्यांचे ताट शेजारच्या घरी गेले की सणाचा अर्थ न सांगताच पोहोचतो. ईस्टरचे तसे नाही. शेजारी विचारतात, “काय हो, तो तुमचा दुसरा सण कधी असतो?” आणि तारीख दरसाल बदलत असल्यामुळे आपणही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहूनच उत्तर देतो.

वास्तविक ती तारीख काढणे आपल्या माणसांना अवघड वाटू नये. २१ मार्चच्या दिवशी अथवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा रविवार तो ईस्टर. म्हणून हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो, आणि ती पौर्णिमा बहुधा कधी होळीची असते, तर कधी चैत्राची. ज्या चैत्री पौर्णिमेला आपल्या भागातील यात्रेकरू गुलाल घेऊन जोतिबाच्या डोंगराकडे निघतात, त्याच चांदण्यात पुष्कळदा आपला उपवासकाळ संपत आलेला असतो. चंद्र एकच आहे. त्याच्याकडे पाहून दिवस मोजणारी घरे निरनिराळी आहेत, एवढेच.

आता एक साधी गोष्ट लक्षात घ्या. उत्तम शुक्रवारी कचेऱ्यांना व शाळांना सुटी असते. ईस्टर मात्र रविवारीच येतो, त्यामुळे त्याची वेगळी सुटी आपल्याकडे नाही. रविवारी पहाटे काही मंडळ्या कबरस्तानात जमतात, मेणबत्त्या लागतात, गीते होतात, घरी गोडधोड होते. आणि सोमवारी सकाळी शिक्षक शाळेत, परिचारिका दवाखान्यात, गवंडी परातीवर आणि निपाणीची बाई वखारीत हजर असते. पुष्कळांना याची खंत वाटते. आम्हांला असे वाटू लागले आहे की, हेच योग्य आहे. ईस्टर हा मुळातच सोमवारचा सण आहे. तो कामावर जाणाऱ्या माणसाचा सण आहे. हे आम्ही चमत्कृतीसाठी म्हणत नाही. शुभवर्तमानांतल्या पुनरुत्थानाच्या गोष्टी पुन्हा शांतपणे वाचा. पुनरुत्थित प्रभू मंदिरात कोणाला दिसला नाही. राज्यपालाच्या वाड्यात जाऊन त्याने कोणाला लाजवले नाही. मग्दालीया मरीयेला तो दिसला तेव्हा तिला तो बागेचा माळी वाटला. अम्माऊसच्या रस्त्यावर दोघांना तो वाटसरू वाटला. समुद्रकाठी तो विस्तव पेटवून न्याहारी रांधत बसलेला होता. माळी, वाटसरू आणि चुलीपाशी बसलेला माणूस: तिन्ही रोजच्या पाहण्यातल्या, आणि म्हणूनच आपण ज्यांच्याकडे पाहत नाही अशा आकृती.

पहिली गोष्ट स्त्रियांची. शब्बाथ संपताच त्यांनी सुगंधी द्रव्ये विकत घेतली आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशी, उजाडता उजाडता त्या कबरेकडे निघाल्या. वाटेत त्यांची चर्चा चालली होती ती श्रद्धेबद्दल नव्हे. कबरेच्या तोंडावरची एवढी मोठी धोंड आपल्यासाठी लोटील कोण, एवढीच त्यांना चिंता होती. उत्तर जवळ नसताना त्या निघाल्या, हे आम्हांला फार मोठे वाटते. पुरुष शिष्य दारे लावून घरात बसले होते; आणि या बायकांनी परत येऊन वर्तमान सांगितले, तेव्हा ते त्यांना बरळणे वाटले.

भगिनींनो, ही पहाट तुमच्या ओळखीची आहे. घरचे पाणी भरून, भाकरी थापून, अंधारातच कामाला निघणाऱ्या बायका या भागाने पिढ्यान् पिढ्या पाहिल्या आहेत. तंबाखूच्या वखारीत धूळ नाकातोंडात जाते आणि ठसका लागतो. घरी यावे तर मांडीवर सूप घेऊन, पान कातरून, जर्दा भरून, दोरा गुंडाळून विड्या वळायच्या. हजाराचा हिशेब, आणि नापास विड्यांची वजावट. विडी कामगारांसाठी कायदा झाला तो १९६६ साली. पण कायदा कागदावरून वखारीच्या दारापर्यंत यायला बायकांनाच संघटित व्हावे लागले. निपाणीच्या या कामगार स्त्रियांवर ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने १९८० नंतरच्या वर्षांत माहितीपट काढला. धोंड लोटील कोण, हे विचारत विचारत त्याही निघाल्याच होत्या.

आपल्या बेळगावच्या एका सुपुत्राने ही धोंड फार पूर्वी पाहिली होती. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात एका कासार कुटुंबात जन्मले, येथल्याच मिशनच्या शाळेत काही काळ शिकले आणि १८५४ साली येथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. तीन वर्षांनी, १८५७ साली, त्यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा मान आहे. पण तिचा विषय काय, तर हिंदू विधवांची स्थिती. नव्या विश्वासात आलेल्या तरुणाने मराठी गद्याला नवे वळण दिले, ते आपल्या बहिणींच्या दुःखाची गोष्ट सांगण्यासाठी. पुढे पंडिता रमाबाई आल्या. त्यांचा जन्म १८५८ सालचा, आजच्या कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानातला. त्यांची कर्मभूमी मुंबई, पुणे आणि केडगाव. स्वतः विधवा, पदरी एक मुलगी. तरी १८८९ साली त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ काढले, आणि शतकाअखेरच्या दुष्काळात उपाशी मुलींना केडगावला आसरा दिला. बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्यासाठी त्या आयुष्याच्या शेवटपर्यंत खपल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी, ईस्टर अकरा दिवसांवर असताना, त्यांचे देहावसान झाले; ग्रंथ छापून बाहेर पडला तो १९२४ साली. कर्नाटकात जन्मून मराठीची अशी सेवा केलेल्या या बाईचे नाव सीमेवरच्या माणसांनी तरी विसरू नये.

आता आम्हांला आमची एक गोष्ट सांगायची आहे. ती गौरवाची नाही. सुमारे वीस-बावीस वर्षांपूर्वीचा ईस्टरचा सोमवार. आम्ही ट्रस्टच्या कचेरीत कालच्या कार्यक्रमाच्या खुर्च्यांचा आणि मांडवाचा हिशेब करीत बसलो होतो. अकराच्या सुमारास निपाणीची एक बाई आली. वखारीत काम करणारी, नवरा वारलेला, आणि आपल्या मंडळीतली नव्हे. मुलगी सातवीत होती. फी थकल्यामुळे तिचा निकाल अडला होता. बाई म्हणाली, “सायेब, उद्याच्याला निकाल हाय. फी भरल्याबिगर कागद देत न्हाईत.” रक्कम चारशे रुपये होती. आम्ही तिला अर्ज दिला. त्यावर पाळकसाहेबांचे शिफारसपत्र जोडावे लागेल, आणि बैठक दुसऱ्या शनिवारी आहे, असे समजावून सांगितले. आम्ही रागावलो नाही. नियमाप्रमाणेच बोललो. खिशात पैसे होते, तेही नियमाप्रमाणेच खिशात राहिले. ती “बरं” म्हणाली, अर्जाची घडी करून कमरेला खोचली आणि स्टँडकडे चालू लागली. त्या दिवसाचा तिचा रोज बुडाला होता, हे आम्हांला नंतर सुचले. ती पुन्हा आली नाही.

दोन वर्षांनी कामानिमित्त निपाणीच्या एका गल्लीत गेलो होतो. एका ओसरीवर ती बाई विड्या वळत होती आणि शेजारी मुलगी पाने कातरत बसली होती. बाईने आम्हांला ओळखले. तिने तक्रार केली नाही, मुलीला म्हणाली, “काकांस्नी पानी दे.” ते पाणी आम्ही प्यायलो. तेवढे कडू पाणी आम्ही कधी प्यायलो नाही.

ट्रस्टच्या नियमावलीत पुढे एक दुरुस्ती झाली. ठरावीक रकमेपर्यंतची शैक्षणिक मदत एका विश्वस्ताच्या सहीने त्याच दिवशी देता येते, आणि त्यासाठी शिफारसपत्र लागत नाही. ठरावात कारण नोंदलेले नाही. ते कारण आज, इतक्या वर्षांनी, आम्ही आपल्यापुढे ठेवले. आदल्या दिवशी आम्ही उघड्या कबरेची गीते मोठ्याने म्हटली होती, आणि दुसऱ्या दिवशी धोंड होऊन एका मुलीच्या दारात बसलो. धोंड लोटणे देवाच्या हाती असेल; पण निदान आपण तरी धोंड होऊ नये, ही ईस्टरची पहिली शिकवण आम्ही अशी उशिरा शिकलो.

दुसरी गोष्ट वाटसरूची. दोन निराश माणसे यरुशलेमेहून अम्माऊसला चालली होती. अंतर सात मैल, म्हणजे साधारण बेळगावहून काकतीला चालत जावे एवढे किंवा थोडे अधिक. वाटेत एक अनोळखी मनुष्य त्यांना मिळाला. त्याने शास्त्र उलगडून सांगितले, तरी त्यांना ओळख पटली नाही. सांज झाली तेव्हा त्यांनी त्याला आग्रहाने घरी नेले, आणि त्याने भाकर मोडली तेव्हा त्यांचे डोळे उघडले. बंधूंनो, प्रवचनाने जे झाले नाही ते पंगतीत झाले. पण पंगत तरी केव्हा झाली? अनोळखी माणसाला त्यांनी घरात बोलावले म्हणून.

आपण सीमेवरची माणसे आहो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना अमलात आली, आणि तेव्हापासून भाषेचा प्रश्न आपल्या अंगणात आहे. महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि त्या काळात किती घरांनी किती सोसले हे येथे बसलेल्यांना सांगायला नको. मायबोलीवरचे प्रेम कोणी सोडावे, असे आम्ही कधी म्हणणार नाही. याच मराठीत फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ ओवीबद्ध करून छापले; तिचा अभिमान आपण बाळगावा तेवढा थोडा. परंतु दावा न्यायालयात असतो आणि ताट घरात असते. शेजारची कन्नड बोलणारी आजी तापाने फणफणली असता तिला पेज नेऊन देताना भाषा आड येत नाही. आणि आपल्या घरी दुःख झाले तेव्हा तिचा नातू खांदा द्यायला पुढे आला होता, हेही आपण पाहिले आहे. बेळगावात मराठी, कन्नड, कोंकणी आणि इंग्रजी या साऱ्या भाषांत प्रार्थना होतात. देवाला त्या समजतात, यात आम्हांला शंका नाही. प्रश्न एवढाच, की प्रार्थना संपल्यावर आपण एकमेकांना जेवायला बोलावतो की नाही?

तिसरी गोष्ट विस्तवाची, आणि ती घराघरांची आहे. प्रभूला पकडले त्या थंडीच्या रात्री पेत्र अंगणातल्या कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा होता, आणि तेथेच त्याने तीन वेळा ‘मी त्याला ओळखत नाही’ अशा अर्थाचे उत्तर दिले. पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी प्रभूने पेटवला तोही कोळशाचाच विस्तव. त्याच्यावर मासळी होती, जवळ भाकर होती. रात्रभर जाळी टाकून थकलेल्या शिष्यांना त्याने आधी जेवायला बोलावले. जेवण झाल्यावर पेत्राला तीन वेळा विचारले, तुझी माझ्यावर प्रीती आहे काय? नाकारले होते तीनदा, म्हणून विचारलेही तीनदा. झाल्या गोष्टीचा पाढा वाचला नाही. आणि उपाशी माणसाला जाब विचारला नाही. आधी वाढले, मग विचारले.

आमच्या ओळखीचे दोन भाऊ होते. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून अबोला पडला, तो चौदा वर्षे टिकला. दोघेही दर रविवारी एकाच देवळात येत, एक डाव्या बाजूला व दुसरा उजव्या बाजूला बसत. धाकट्याच्या पत्नीने एका ईस्टरला कोणाला न विचारता थोरल्याच्या घरी जेवणाचा डबा पाठवला. डबा तसाच परत आला. पुढच्या वर्षीही तिने पाठवला. तो रिकामा परत आला, घासून. तिसऱ्या वर्षी डब्यात थोरल्या घरची खीर आली. भाऊ बोलू लागले ते त्याच्याही नंतर. आणि घराचा वाद पुरता मिटला असे आम्ही म्हणणार नाही. पण थोरल्याच्या शेवटच्या दुखण्यात रात्री उशाशी बसायला धाकटा होता. क्षमा ही एकदम येत नाही, बंधूंनो. ती पुष्कळदा डब्यातून येते, आणि पहिला डबा परत येण्याची तयारी ठेवावी लागते.

चौथी गोष्ट जखमांची. थोमाने हट्ट धरला की, खिळ्यांचे व्रण पाहिल्यावाचून आपण विश्वास ठेवणार नाही. आपण त्याला संशयी म्हणून हिणवतो. पण प्रभूने त्याला हिणवले नाही. त्याने हात पुढे केले. मरणावर जय मिळवलेल्या देहावरसुद्धा ते व्रण तसेच राहिले होते, हे ध्यानात घ्या. पुनरुत्थान म्हणजे झाले-गेले पुसून टाकणे नव्हे.

निपाणीच्या अंगावरही एक व्रण आहे. मार्च १९८१ मध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शेतकरी श्री. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर येऊन बसले. ६ एप्रिल १९८१ रोजी गोळीबार झाला आणि शेतकरी प्राणास मुकले. तो सोमवार होता. आपला उपवासकाळ चालू होता. त्या साली ईस्टर १९ एप्रिलला आला. तेरा दिवसांपूर्वी ज्या रस्त्याने रक्त पाहिले, त्याच्या काठच्या मंडळींनी ‘तो उठला आहे’ हे शब्द कोणत्या तोंडाने उच्चारले असतील, याचा आम्ही अनेकदा विचार केला आहे. आम्हांला वाटते, ते शब्द तेथेच खरे ठरायचे असतात. ज्या ईस्टरला शेजाऱ्याचा व्रण पाहवत नाही, तो ईस्टर नुसता फुलांचा आणि रंगीत अंड्यांचा. आजही कोणाचा कर्ता मुलगा अपघातात गेलेला असतो, कोणाचे शेत सावकाराकडे असते, कोणाच्या आईच्या छातीत तंबाखूची धूळ साठलेली असते. त्यांना ‘विसरा आता’ असे सांगू नये. जवळ बसावे आणि व्रण पाहावा.

शेवटी एक विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. कबरेपाशी त्या स्त्रियांना निरोप मिळाला तो असा, की तो तुमच्यापुढे गालीलात जात आहे, तेथे तुम्हांला दिसेल. गालील म्हणजे काय? शिष्यांचे ते गाव. त्यांच्या होड्या, जाळी, घरे, कर्जे, भांडणे जेथे होती ते ठिकाण. म्हणजे प्रभू आपल्याआधी आपल्या कामाच्या जागी जाऊन थांबलेला आहे. निपाणीकराला तो वखारीच्या दारात भेटेल, शिक्षकाला शेवटच्या बाकावर, परिचारिकेला रात्रपाळीत, आणि विश्वस्ताला अर्ज घेऊन आलेल्या माणसात.

महोत्सवानिमित्त नव्या सभागृहाचा संकल्प जाहीर झाला आहे. त्यास आमचाही यथाशक्ति हातभार लागेल. पण त्याच्या जोडीला एक बिनखर्चाचा ठराव व्हावा, अशी आमची इच्छा आहे. आपली कचेरी दहा वाजता उघडते. दहा वाजता येणाऱ्या बाईचा रोज बुडतो. तेव्हा दरसाल ईस्टरच्या सोमवारी, आणि जमल्यास प्रत्येक सोमवारी, कचेरीचे दार उजाडताच उघडावे, आणि कोणीतरी एक विश्वस्त वही, चेकबुक व चहाची किटली घेऊन तेथे बसलेला असावा. कामाला जाता जाता बायकांना दोन मिनिटे आत येता येईल. पहिल्या सोमवारची पाळी आमची.

 प्रभूची कृपा आपणां सर्वांच्या घरांवर राहो.